साडेतीन मीटर गाणं

मार्च लागला की नागपुरात दोन कामं एकदमच निघतात. कूलरच्या ताट्यांत नवा वाळा भरायचा, आणि घरात कुणी परीक्षेला बसलं असेल तर त्याच्या नावानं सगळे आवाज बंद करायचे. टीव्ही बंद, कुकरच्या शिट्ट्या सकाळीच उरकायच्या, फोनवर बोलायचं तर गच्चीवर जायचं. यंदा आमच्याकडे बारावीला आहे ती माझी भाची मैत्री. घर तिच्यासाठी असं चिडीचूप केलेलं, आणि ती स्वतः कानात दोन पांढऱ्या गोळ्या घालून कसला तरी धुडगूस ऐकत गणितं सोडवते. परवा मी लिंबाचं सरबत घेऊन गेले तर तिनं एक गोळी काढून माझ्या कानात खुपसली.

"मावशी, ऐक. पण घाबरू नको हं."

मी ऐकलं, आणि घाबरायच्या ऐवजी मला हसूच आलं. "आता हीच चाल चौथ्यांदा येईल ना," मी म्हटलं, "तेव्हा एक ठोका खाईल बघ." त्यानं खाल्ला. मैत्रीचं पेन हातातच राहिलं. माझ्या वयाच्या बाईनं रेडिओवरची जुनी गाणी आणि विहारातली वंदना यापलीकडे काही ऐकलेलं असेल, हे तिच्या डोक्यात बसणंच शक्य नव्हतं.

"तुला कसं माहीत?"

"तुझ्या आजोबांनी हेच गाणं मोजलंय, तुझ्या जन्माच्या आधी," मी म्हटलं. बँकेत मॅनेजर झाले त्या दिवशीही माझी मान एवढी ताठ झाली नव्हती.

एकोणनव्वद सालचा तो उन्हाळा. आम्ही तेव्हा कामठीला राहत होतो, यंत्रमागांच्या वस्तीत. पहाटेपासून रात्रीपर्यंत गल्लीभर खटखट चालू असायची. भिंती तिच्यानं थरथरायच्या, पितळी पेल्यातल्या पाण्यावर बारीक गोल उठायचे आणि माणसं बोलायची ती ओरडूनच. कामठीच्या माणसाला गुपित सांगू नये, तो ते हळू आवाजात ठेवूच शकत नाही, असं नागपूरचे लोक म्हणायचे. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि रोज बसनं नागपूरला जायचे. कॉलेजातल्या मुली मला "जरा हळू बोल गं" म्हणायच्या, तेव्हा मला राग यायचा आणि मी आणखी मोठ्यानं बोलायचे.

बाबा एका शेडमध्ये जॉबर होते. विणणारे वेगळे. माग बिघडला की त्याला ताळ्यावर आणणारा तो जॉबर. त्यांच्याकडे सोळा माग. सकाळी शेडच्या दारात पाऊल टाकण्याआधी ते डोळे मिटून क्षणभर उभे राहायचे आणि म्हणायचे, "सातव्याचा पट्टा ढिला हाय." जाऊन पाहावं तर सातव्याचाच ढिला. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांना हे येतं. माझ्या आजोबांनी छप्पन साली घरादारासकट धर्म बदलला तेव्हा बाबा सतरा वर्षांचे होते, आणि तेव्हापासून आमच्या घरात एक गोष्ट ठरलेली होती: कुणाच्याही दारात जायचं तर मान वर ठेवून जायचं. हे सांगायला सोपं आहे. मी ते कसं पाळलं नाही, तेही पुढे सांगते.

कॅसेट आली फिनलंडहून. लष्करी छावणीतल्या बंगल्यांमधून निघणारी इंग्रजी मासिकं आमच्या रद्दीवाल्याकडे यायची, त्यातल्या एकात परदेशी पत्रमैत्रिणींचे पत्ते मिळाले होते. मार्या नावाच्या मुलीला मी दोन वर्षं पत्रं लिहीत होते. तिच्या गावात कागदाची गिरणी होती आणि बाकी सगळं बर्फ. तिच्या भावानं आणि त्याच्या तीन मित्रांनी मिळून आपला पहिलाच अल्बम काढला होता, त्याची कॉपी तिनं एका लोकरीच्या मोज्यात गुंडाळून धाडली. नागपूरच्या मार्चमध्ये लोकरीचा मोजा! आईनं तो पुढे कित्येक वर्षं गरम पातेलं उतरवायला वापरला. बॅण्डचं नाव मी इथे लिहीत नाही. काटेरी झुडपासारख्या त्या अक्षरांतून ते कुणाला वाचता यायचं नाही, आणि ज्याला वाचता यायचं त्यानं ते मोठ्यांसमोर उच्चारू नये असं होतं. मुखपृष्ठावर हाडं होती. आई येता-जाता ती कॅसेट पालथी घालायची.

पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं, आमचा टेपच बिघडला. गिटार इतकी खालच्या पट्टीत की सूर ऐकू यायच्या आधी पोटात कळायचा. त्यावर ढोल, पण ताल म्हणावा असं काही हाती लागायच्या आत तो निसटायचा. आणि त्या सगळ्याच्या वर एक माणूस गात होता असं मार्याचं म्हणणं. आईचं म्हणणं वेगळं होतं. "कोनाचा गळा धरला वं?" म्हणत ती कणकेच्या हातानं बाहेर आली.

मी टेप पिशवीत घालून सीताबर्डीला दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं हेड स्पिरिटनं पुसलं, बारीक स्क्रू फिरवले, स्वतःकडची भजनाची कॅसेट लावली. भजन स्वच्छ वाजलं. मग माझी लावली. अर्धा मिनिट त्यानं मान तिरकी करून ऐकलं, आजूबाजूच्या दुकानांतली दोन माणसंही आली.

"ताई, मशीन तं एकदम ओके हाये," तो म्हणाला. "गानंच खराब हाये."

लोक हसले. मी पण हसले असते, पण परतीच्या बसमध्ये माझ्या लक्षात आलं की ते गाणं माझ्या डोक्यातून जात नाहीये. घरी येऊन पुन्हा लावलं. मग रोजच. परीक्षेची टिपणं काढत ऐकायचे. दहाव्या वेळेला त्या धबडग्यात एक दार सापडलं. गाणारा शब्द सांगत नव्हताच, तो आवाजाचा वाद्यासारखा वापर करत होता, इतर तिघांच्या बरोबरीचा. विसाव्या वेळेला कळलं की दुसऱ्या गाण्यात मध्येच कुणीतरी लोखंडी पत्रा फरफटवतो आहे आणि त्या फरफटीलाही आपली चाल आहे. एका ठिकाणी तर सगळं थांबून नुसता श्वास ऐकू यायचा, माणसानं जिना चढून आल्यावर घ्यावा तसा. हे लोक माझ्याच वयाचे होते आणि कुणाला आवडावं म्हणून त्यांनी एकही गोष्ट केलेली नव्हती. त्यांचं मला भयंकर कौतुक वाटायला लागलं. मी तोवर प्रत्येक गोष्ट कुणाला तरी आवडावी म्हणूनच करत आले होते.

त्याचं कारण नागपूरच्या धंतोलीत होतं. धंतोलीत मुळे सर म्हणून एक निवृत्त प्राध्यापक राहायचे, कायद्याचे. त्यांच्या दिवाणखान्यात दर रविवारी सकाळी दहा वाजता श्रवण मंडळ भरायचं. सतरा सभासद. कुणीतरी एक तबकडी आणायची, तिची एक बाजू सगळ्यांनी मिळून ऐकायची आणि मग बोलायचं. एका मैत्रिणीबरोबर मी गेले आणि जातच राहिले. वर्षभर पाहुणी म्हणून भिंतीकडच्या सतरंजीवर बसले. त्या खोलीत मी जे ऐकलं त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण तिथली माणसं एखादा राग सुरू झाला की एकमेकांकडे पाहून हसायची, त्यांच्या आजोबांनी तो कुणाकडून ऐकला होता हे सांगायची, आणि मी आपली सतरंजीची दशी ओढत बसायचे.

सभासद व्हायचं तर नियम एकच. आपल्या आवडीचं काही आणायचं आणि पूर्ण एक बाजू मंडळाला ऐकवून दाखवायची. ऐकवून दाखवायची म्हणजे काय, तर सुरुवातीला चहा व्हायचा. ज्याला वाजत असलेलं पुरे झालं त्यानं आपला रिकामा कप बशीत पालथा घालायचा. बोलायचं नाही, उठायचं नाही. निम्म्याहून जास्त कप पालथे पडले की सुई उचलायची. आमच्याकडे कुणी कुणाचा शब्दानं अपमान करत नाही, असं मुळे सर कौतुकानं सांगायचे. मी दोनदा कप पालथे पडताना पाहिले होते. चिनी मातीचा तो आवाज शब्दापेक्षा बरा असतो असं मला काही वाटलं नाही.

सरांनी मला एप्रिलचा पहिला रविवार दिला. "काय आणणार?" कुंदाताईंनी विचारलं. कुंदाताई मंडळाच्या चिटणीस. मी सांगितलं, फिनलंडच्या एका बॅण्डचा पहिला अल्बम. त्यांनी ते छान अक्षरात लिहून घेतलं. बिचाऱ्यांना वाटलं, व्हायोलिन वगैरे असेल.

मी ती कॅसेट काहून निवडली, हे मी स्वतःला तेव्हाही विचारलं होतं. एखादी शहाणी तबकडी उसनी आणता आली असती. पण त्या खोलीतल्या प्रत्येक शहाण्या तबकडीपाशी माझ्या आधी कुणाचे तरी आजोबा रांगेत उभे होते. इथे माझ्यापुढे कुणीच नव्हतं. शिवाय त्या आवाजात मला घरचं काहीतरी ऐकू यायचं, पण काय ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. सांगता येत नसेल तर रविवारी मी बोलणार काय? दिवस जवळ येत होता.

ते सापडलं एका बुधवारी. बुधवारी आमच्या भागातल्या मागांना दिवसभर वीज नसायची. सगळी खटखट बंद. ती शांतता आम्हाला सोसायची नाही. लहान मुलं किरकिरायची, म्हातारी माणसं उगीचच "कोन हाय?" म्हणायची. दुपारी बाबा पुढच्या खोलीत खाटेवर पडले होते, आई तांदूळ निवडत होती. मी आतल्या खोलीत सेलवर टेप लावला होता. सेल मरायला टेकले होते, म्हणून गाणं हळूहळू मंदावत चाललं होतं. बाबा एकदम उठून बसले.

"कोनाचा माग चालून राहिला वं?"

"कोनाचाच नाही, बाबा."

"काहून नाही? मले आयकू येऊन राहिला ना. जनरेटर लावला वाटते कोनं. अन् चालवते बी कसा पहा, धोटा अटकून राहिला त्याचा." आडवा धागा नेणारा धोटा अडकला की मागाची लय मोडते. त्यांनी पायात चपला सरकवल्या.

"उन्हाचं कुठी जाता जी?" आई म्हणाली.

बाबा गेलेच. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन, दोन शेडना कान लावून परत आले. कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर आश्चर्य. दुसऱ्याचा का होईना, बिघडलेला माग चालू आहे आणि आपण पडून आहोत, हे त्यांना सहन होत नव्हतं. मग ते आमच्या आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी आले आणि थबकले. मी घाईनं बटण दाबायला हात पुढे केला.

"राहू दे," ते म्हणाले आणि डोळे मिटून उभे राहिले.

मी हात मागे घेतला. गाणं आता इतकं मंद झालं होतं की गाणारा झोपेत बोलल्यासारखा वाटत होता.

"हे मानूस वाजवते का मशीन?"

"मानूस हाय, बाबा. दोन हातानं अन् दोन पायानं."

"म्हंजे चार माग एकटा सांभाळते." त्यांनी बोटानं दाराच्या चौकटीवर ठोके द्यायला सुरुवात केली. "नऊ. नऊ. नऊ. आठ... पुन्हा लाव बरं."

मी पुन्हा लावलं.

"नऊ ठोके तीनदा, चवथ्यांदा आठ. अन् मंग पयल्यापासून. मले वाटलं धोटा अटकला. अटकत नाही वं, जानून खाते तो एक ठोका. चोर हाय." त्यांनी डोळे उघडले आणि हसले. "पन लय हुशार चोर."

तोवर मी ते गाणं चाळीसएक वेळा ऐकलं असेल. बी.एस्सी.ला फिजिक्स आणि गणित. मला ते नऊ-नऊ-नऊ-आठ दिसलं नव्हतं. वडिलांचा अभिमान वाटणं म्हणजे नेमकं काय, ते मला त्या उंबऱ्यावर कळलं. तोवर मी त्यांच्यावर फक्त प्रेम करत होते.

मी नवे सेल आणायला निघाले तर त्यांनी अडवलं. "हेच राहू दे. धीमं हाय तं समजते." मग दहा-बारा दिवस आमच्या घरी मेलेल्या सेलांना भाव आला. शेजाऱ्यांच्या बॅटऱ्यांतले टाकायचे सेल आम्ही मागून आणायचो, कौलांवर उन्हात तापवायचो म्हणजे त्यात थोडी धुगधुगी यायची, आणि त्यावर ते गाणं, कॅसेटवरचं तिसरं, ठोका-ठोका करून ऐकायचो. मी फिजिक्सच्या जर्नलमधल्या आलेखाच्या कागदावर फुल्या मारायचे. बाबा शेजारी बसून चुका काढायचे. "इथी पायाचा ठोका हाय, तू हाताचा लिवला." आई डोक्याला हात लावायची. "पोरीची परीक्षा तोंडावर आली, अन् बाप-लेक मेले सेल तापवून मेल्याहून मेलं गानं आयकून राहिले!" पण दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून दोन सेल तिनंच आणले.

कापडाची कल्पना बाबांची. काठाची नक्षी विणणाऱ्या मागाला वरच्या अंगाला लाकडी पट्ट्यांची साखळी असते. प्रत्येक पट्टीला भोकं, काही भोकांत खुंट्या. जिथे खुंटी तिथला रंगीत धागा उचलला जातो, जिथे नाही तिथला खाली दडून राहतो. पट्टीमागून पट्टी सरकते आणि नक्षी उमटत जाते. "मी तं जनमभर हेच करून राहिलो," बाबा म्हणाले, "कुठी धागा उचलाचा, कुठी नाही. तुह्या गान्यात दुसरं काय हाय?"

सोळाव्या नंबरचा माग महिनाभर बंद पडून होता. मालकांनी हसत परवानगी दिली. उरल्यासुरल्या कांड्यांचं सूत जमवून बाबांनी काळा ताणा, म्हणजे उभे धागे, भरला. पायाच्या ठोक्याला पांढरा धागा, हाताच्या ठोक्याला लाल, झांजेला पिवळा. आठ आडव्या धाग्यांमागे साखळी एकदाच सरकेल अशी सोय केली, म्हणजे प्रत्येक ठोका डोळ्यांना ठसठशीत दिसावा. एवढ्या पट्ट्या कुठून आणणार? म्हणून जिथे चाल पुन्हा येते तिथे तीच साखळी फिरवायची. त्यामुळेच आम्हाला कळलं की ते चौघं पुन्हा तेच वाजवतात असं नुसतं वाटतं. दर वेळी एखादी खुंटी काढावी किंवा घालावी लागायची. बाबा खुंटी उपटताना दर वेळी त्या अनोळखी ढोलवाल्याशी बोलायचे. "वा रे पोट्ट्या. मागावर पाहिजे होता तू."

विणून झालं तेव्हा ते साडेतीन मीटर भरलं. दोन-अडीच मिनिटांचं गाणं, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत.

रविवारी सकाळी मी तयार झाले तर बाबाही तयार. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. कापडाची घडी पिशवीत, पिशवी काखेत.

"तुमी कशाले येता, बाबा? मी नेतो ना," मी म्हटलं.

"आयकतो मी बी कसं वाजते मोठ्या मशीनवर."

इथे मी मान खाली घातली. मला ते यायला नको होते. त्यांचं बोलणं, ग्रीसनं काळी झालेली नखं, त्या खोलीत त्यांनी मोठ्यानं काहीतरी विचारणं, हे सगळं मला डोळ्यांसमोर दिसलं आणि लाज वाटली. आज हे लिहिताना त्या लाजेची लाज वाटते, पण वाटली होती हे खोटं कसं सांगू? बसमध्ये मी खिडकीबाहेर पाहत राहिले. बाबा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, मला काही जाणवू न देता. त्यांना कळलं होतं असं मला आता वाटतं.

मुळे सरांनी त्यांना खुर्ची दिली. बाबा मागच्या भिंतीशी, दाराजवळ बसले. चहा झाला. मधल्या मोठ्या टेबलावर, ट्रेमध्ये, सतरा कप. सरांच्या डेकवर कॅसेट चढली. मी चार वाक्यं बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एकच बोलले, "हे मला आवडतं," आणि बटण दाबलं.

सरांचे स्पीकर फार चांगले होते. दुर्दैवानं. पहिल्याच गाण्याला खिडकीची तावदानं वाजली. एका वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहून, अगदी हसून, आपला कप पालथा घातला. मग आणखी तीन. दुसऱ्या गाण्यात पत्रा फरफटायला लागला तेव्हा पाचवा, सहावा, सातवा. मी मोजत होते. निम्म्याहून जास्त म्हणजे नऊ. श्वासाच्या जागी आठवा कप पालथा पडला, आणि त्या शांततेत तो केवढा तरी वाजला. तिसरं गाणं सुरू झालं तेव्हा एकाच कपाचं अंतर होतं, आणि माझ्या शेजारच्या बाईंनी आपला कप हातात उचलून घेतला होता. मी काही तरी करायला हवं होतं. कापड काढायला हवं होतं. मी सतरंजीची दशी ओढत बसले.

बाबा उठले. त्यांनी कुणाला विचारलं नाही. टेबलापाशी आले, कपांचा ट्रे दोन्ही हातांनी, एकही कप न वाजवता, बाजूला सरकवला आणि पिशवीतून कापड काढून टेबलावर उलगडलं. एक टोक थेट मुळे सरांच्या मांडीवर गेलं. बाबांनी डोळे मिटून क्षणभर ऐकलं, गाणं कुठवर आलंय ते पकडलं आणि कापडावर बोट टेकलं.

"इथी हाय तो," ते म्हणाले. कामठीच्या आवाजात, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

बोट सरकायला लागलं. पांढरं, पांढरं, लाल. जिथे लाल ठिपका, तिथे बरोबर तो ठोका. वकीलसाहेब पुढे झुकले. शेजारच्या बाईंनी हातातला कप तसाच सुलटा खाली ठेवला आणि त्या उठून टेबलाशी गेल्या. "नऊ," बाबा म्हणाले, "नऊ. नऊ. आता पहा, खाते." त्यानं खाल्ला, आणि कुणीतरी "अरेच्चा!" म्हणालं. मुळे सरांनी चष्मा काढला, कापड डोळ्यांजवळ धरलं आणि आपलं बोट बाबांच्या बोटाच्या पुढे, पुढच्या ओळीवर नेऊन ठेवलं. कापडावर तिथे रंगाचा एकही ठिपका नव्हता. चार बोटं रुंद नुसता काळा पट्टा. त्या पट्ट्याकडे बाबांचं बोट जाताना सगळी खोली पाहत होती. बोट पट्ट्यावर आलं, आणि त्याच क्षणी चौघांनी मिळून वाजवणं थांबवलं. दिवाणखान्यात एवढी शांतता झाली की रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू आली. मग बोट पट्ट्याबाहेर पडलं आणि सगळं पुन्हा कोसळलं. कुंदाताई चक्क मोठ्यानं हसल्या, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारख्या.

गाणं संपलं, कापड संपलं. अजून दोन गाणी होती. त्यांचं कापड आम्ही विणलेलं नव्हतं, पण आता कुणी विचारलं नाही. एक-दोघं मांडीवर बोटांनी मोजत होते आणि चुकत होते. वकीलसाहेबांनी ट्रेकडे हात नेला तेव्हा मी पुन्हा मोजायला लागले. त्यांनी आपला पालथा कप उचलून सुलटा ठेवला. मंडळात तसं कधी कुणी केलं नव्हतं, आणि त्यासाठी नियमही नव्हता. मग आणखी दोघांनी तेच केलं. बाजू संपली तेव्हा पालथे कप पाच होते.

त्या पाचांपैकी दोघं नंतरही म्हणाले की हे संगीत नव्हे. म्हणोत बापडे. त्यांनी ते पूर्ण ऐकून म्हटलं, एवढं मला पुरलं.

मग कुंदाताईंनी सभासदांची वही उघडली. मी उठून उभी राहिले.

"थांबा," मुळे सर म्हणाले. "आधी यांचं लिहा."

"माह्यं?" बाबा गडबडले. "मी तं पोरीसंगं आलो, साहेब. मले गान्यातलं काही समजत नाही."

"आम्हाला समजतं असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो," सर म्हणाले. "तुम्ही बसा. दर रविवारी या."

कुंदाताईंनी नाव विचारलं. बाबांनी पूर्ण सांगितलं, तुळशीराम सोमाजी रामटेके. पत्ता सांगितला. पुढचा रकाना व्यवसायाचा. वरच्या ओळींत वकील, प्राध्यापक, वकील, दंतवैद्य, बँकेत, असं ओळीनं उतरलेलं मला दिसत होतं. कुंदाताईंनी काही न विचारताच लिहायला सुरुवात केली. बाबा वहीवर वाकून वाचत होते.

"विनकर नका लिवू, बाई," ते म्हणाले. "विनकर कापड विनते. मी माग आयकतो."

कुंदाताईंचं पेन थांबलं. त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. कुंदाताईंनी लिहिलेली अक्षरं खोडली आणि बाबांनी सांगितलं होतं तसंच लिहिलं: माग ऐकतात.

मग त्या पुढच्या ओळीवर आल्या आणि माझ्याकडे पाहिलं. "आणि तुझं पूर्ण नाव?"

"शीला," मी म्हटलं. "पुढचं वरच्या ओळीत आहे, ते लिहा."